शिक्षक अर्ध्यात जाऊ देऊ नका : पुण्यातील खासगी विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, मा. कुलसचिव आणि नियामक मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
पुणे परिसरातील खासगी विद्यापीठे.

विषय : सत्र चालू असताना शिक्षक बदलण्याबाबत.

महोदय / महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी आपल्यापैकी एका विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव बार्शी, जिल्हा सोलापूर. घरची साडेतीन एकर जमीन आणि घरापुढे वडिलांचं किराणा दुकान. विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चर्चा त्या नावाचीच होते, मूळ गोष्ट बाजूला राहते. आणि दुसऱ्या विद्यापीठांत शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणी जे सांगतात ते माझ्या अनुभवापेक्षा फारसं वेगळं नाही. शिवाय माझी डिग्री अजून हातात यायची आहे, हेही खरंच.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये मी आणि वडील रात्रीच्या एसटीने निघालो. कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पहाटे स्वारगेटला उतरलो. स्टँडवरच तोंड धुतलं, चहा घेतला आणि दोन पीएमपी बदलून शहराबाहेरच्या कॅम्पसवर पोचलो. फीचा डीडी वडिलांच्या बंडीच्या आतल्या खिशात होता. गाडीत झोप लागली तरी त्यांचा हात तिथून हलला नव्हता. प्रवेशाचा हॉल काचेचा, थंडगार. प्रत्येक कुटुंबाला एक काउन्सिलर. आम्हाला पाण्याच्या बाटल्या दिल्या, फोल्डर दिलं, मग सगळं फिरवून दाखवलं : लायब्ररी, जिम, इनक्युबेशन सेंटर, कंपन्यांच्या लोगोंनी भरलेली भिंत. वडिलांनी सगळं बघून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "शिकवायला कोण असतं?"

काउन्सिलर म्हणाली, "काका, आपली सगळी फॅकल्टी हायली क्वालिफाइड आहे."

वडिलांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, उत्तर मिळालं.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला पुढच्या चार वर्षांत मिळालं. ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

जे चांगलं मिळालं ते आधी सांगते, कारण ते खोटं नाही. लायब्ररी रात्री अकरापर्यंत उघडी असते आणि तिथून मुली एकट्या हॉस्टेलवर चालत जाऊ शकतात. बार्शीत मला हे कधी करता आलं नसतं. लॅबमधली मशिन्स चांगली आहेत. मणिपूरची एक आणि बिहारची एक अशा दोन जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या, माझं हिंदी सुधारलं, त्यांना शेंगदाण्याच्या चटणीची सवय लागली. दुसऱ्या वर्षापासून आम्ही बाहेर फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर राहतो. महिना साडेसात हजार भाडं, डब्याचे वेगळे. महाग आहे, पण त्याची तक्रार नाही. पुण्यात हे असंच असतं, हे घरातून निघतानाच माहीत होतं.

तक्रार आहे ती शिक्षकांची. शिक्षकांविषयी नव्हे, त्यांच्या बाजूने.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. पहिल्या सत्रात मी वर्गात एकदाही तोंड उघडलं नाही. प्रश्न पडायचे. ते मनात मराठीत तयार व्हायचे, त्यांचं इंग्रजी करेपर्यंत सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असायचे. दुसऱ्या सत्रात सी प्रोग्रॅमिंगला नवे सर आले. पॉइंटर शिकवत होते. व्याख्या मी वहीत जशीच्या तशी उतरवली आणि त्यातलं मला काहीही कळलं नाही. लेक्चर संपल्यावर सर माझ्या बाकापाशी थांबले. वही बघितली आणि मराठीत विचारलं, "गाव कुठलं? शेती आहे का घरी?"

आहे म्हटलं.

"मग सातबारा बघितला असशील. त्यावर गट नंबर असतो. तो कागद हातात धरला म्हणजे जमीन हातात आली का? नाही. जमीन कुठे आहे ते कळलं. पॉइंटर म्हणजे गट नंबर. त्याच्यात किंमत नसते, किंमत कुठे ठेवलीय तो पत्ता असतो. आता सांग, नल पॉइंटर म्हणजे काय?"

मी म्हटलं, "उतारा आहे, पण गट नंबरची जागा कोरी आहे."

सर हसले. "बरोबर. आता हेच इंग्रजीत सांग." अडखळत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रश्न सगळ्या वर्गाला विचारला, माझ्याकडे बघितलं, आणि मी उभी राहून उत्तर दिलं. विद्यापीठात पाऊल ठेवल्याला सहा महिने होऊन गेले होते. वर्गात माझा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सव्वातीन लाख वर्षाला भरून मला जे मिळालं, त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही दहा मिनिटं होती. ती कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती.

पुढे जूनमध्ये सुटी संपायच्या आधी मी लवकर आले होते. सरांचं एक पुस्तक परत द्यायचं होतं. स्टाफरूममध्ये सर टेबलाशी बसले होते, समोर छापील यादी, हातात फोन. यादीत बारावी झालेल्या मुलांची नावं, नंबर, गाव, आणि शेवटी तीन रकाने : इंटरेस्टेड, नॉट इंटरेस्टेड, कॉल बॅक. मी दारातच थांबले. सर बोलत होते, "नमस्कार, मी विद्यापीठातून बोलतोय. तुमच्या मुलाला सीईटीला किती आले?... नाही नाही, मी प्राध्यापक आहे... हो, कॉम्प्युटर शिकवतो... बरं, ठेवतो." समोरच्याने फोन मध्येच कट केला असावा. सरांनी रकान्यात फुली मारली आणि पुढचा नंबर लावायला घेतला. मग मी दिसले. त्यांनी यादी उलटी करून ठेवली.

त्यांनी यादी उलटी केली ते मी आजही विसरलेले नाही. आपल्या विद्यार्थिनीने आपल्याला हे करताना बघू नये, असं त्या माणसाला वाटलं. स्टाफरूममधल्या बाकीच्या टेबलांवरही तशाच याद्या होत्या. दिवसाला किती फोन आणि सीझनला किती प्रवेश, याचं टार्गेट प्रत्येकाला दिलेलं होतं, हे नंतर कळलं. पीएच.डी. केलेली माणसं अनोळखी घरी फोन करून जागा खपवत होती आणि पुढच्या सत्राची तयारी रात्री घरी जाऊन करत होती.

तिसऱ्या सत्राला तेच सर डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहिती कशी मांडून ठेवायची तो विषय, शिकवायला आले, तेव्हा आम्हाला आनंद झाला. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी त्यांनी त्यातला लिंक्ड लिस्ट हा भाग संपवला आणि फळ्याच्या कोपऱ्यात पुढच्या भागाचं नाव लिहिलं, "सोमवारी : ट्री". सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाही. ते दोन शब्द बुधवारपर्यंत फळ्यावर तसेच होते, कारण फळा पुसायलाही कुणी आलं नव्हतं.

सरांचा करार ११ महिन्यांचा होता. आदल्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेला, ऑक्टोबरमध्ये संपला. वाढवला नाही. प्रवेशाच्या टार्गेटचा त्याच्याशी काही संबंध होता का, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. पण मला एवढं कळतं की ज्याने कुणी त्या कराराची तारीख ठरवली, त्याने सत्र कधी संपतं ते बघितलं नाही. किंवा बघितलं, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर आठवडाभर लेक्चरच नाही. मग एम.टेक. करणारी एक ताई आली. ती आमच्यापेक्षा जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठी, तीही गोंधळलेली. नोव्हेंबरमध्ये आधीच तीन डिव्हिजन सांभाळणाऱ्या एका सरांकडे विषय दिला. त्यांनी सहा तासांत तीन युनिटच्या स्लाइड्स वाचून दाखवल्या. त्या दोघांनाही मी दोष देत नाही. चालत्या गाडीत मध्येच ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं तर कुणीही तसंच करेल. मी पास झाले. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांचा तो विषय राहिला, आणि बॅकलॉगच्या परीक्षेची फी त्यांच्याकडून वेगळी घेतली गेली.

हे मागे पडलं असतं. पण गेल्या सप्टेंबरमध्ये एका कंपनीच्या मुलाखतीत मला आधी लिंक्ड लिस्टवर विचारलं. मी कागद मागून घेतला, आकृती काढली, एकेक पायरी समजावून सांगितली. मुलाखत घेणाऱ्या मॅडम खूश दिसल्या. मग म्हणाल्या, "आता ट्रीकडे येऊ. बायनरी सर्च ट्रीमधला दोन मुलं असलेला नोड काढायचा असेल तर काय कराल?" मला काही सुचेना. व्हिडिओ बघून मी ते पाठ केलेलं होतं. पाठ होतं, समजलेलं नव्हतं, म्हणून ऐन वेळी निसटलं. माझं ज्ञान कुठल्या तारखेला थांबलं ते मी सांगू शकते. त्या शुक्रवारी.

आता हिशोबाचं बोलते, कारण आपल्याकडे सगळं हिशोबात मोजलं जातं. माझी हजेरी ॲपवर मोजली जाते, दशांशापर्यंत. ७५ टक्क्यांना अर्धा टक्का कमी पडला तर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागतं आणि घरी मेसेज जातो. माझ्या समोरच्या शिक्षकाची जागा सत्रात किती आठवडे रिकामी होती, हे मात्र कुठेच मोजलं जात नाही. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, एआयसीटीई, २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं प्रमाण धरते. कागदावर ते जुळतही असेल. पण ऑगस्टमध्ये मोजलेला शिक्षक नोव्हेंबरमध्ये वर्गात आहे का, हे त्या प्रमाणातून दिसत नाही. आणि बँकेचं व्याज कुणाच्या करारासाठी थांबत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढत असतं. सर गेले त्या आठवड्यात वर्ग बंद होता, माझ्या कर्जावरचं व्याज चालू होतं.

आम्ही गप्प बसलो नव्हतो. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२३ मध्ये विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम केले आहेत. ते खासगी विद्यापीठांनाही लागू आहेत. प्रवेशाच्या वेळी कबूल केलेल्या दर्जाचं शिक्षण न मिळणं, हीही त्या नियमांत तक्रारच मानली आहे. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि त्याची प्रत तक्रार करणाऱ्याला मिळावी, समाधान झालं नाही तर विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे जाता यावं, अशी सोय आहे. आम्ही चौघींनी अर्ज केला. भाषा नम्र होती. मागणी एकच होती : डेटा स्ट्रक्चर्सला सत्र संपेपर्यंत एक नियमित शिक्षक द्या.

लेखी उत्तर आजपर्यंत आलं नाही. चौथ्या दिवशी डिपार्टमेंटमधून माझ्या वडिलांना फोन गेला. "तुमची मुलगी अभ्यास सोडून तक्रारी करत फिरते. करिअरचा प्रश्न आहे, एकदा येऊन भेटा."

वडील त्याच रात्री एसटीत बसले. दुकान बंद ठेवून. सकाळी साडेनऊला ते रिसेप्शनच्या सोफ्यावर टोकाला टेकून बसलेले मला दिसले, टोपी काढून हातात घेतलेली. पावणेबाराला आत बोलावलं. आत काय झालं ते मी सगळं लिहीत नाही. वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "लेकरू आहे, चुकलं असेल तर माफ करा." मी शेजारी उभी होते. मी काहीच बोलले नाही. अर्ज मागे घेतला.

त्यांना सोडायला मी स्वारगेटपर्यंत गेले. बार्शी गाडीला वेळ होता. बाकावर बसलो होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तू अर्जात लिहिलं ते खरं होतं का?"

"हो."

"मग मी माफी कशाची मागितली?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आदरणीय कुलगुरू महोदय, हा प्रश्न माझ्या वडिलांचा आहे आणि तो आपल्याला विचारलेला आहे असं समजा.

खासगी विद्यापीठ चालवायचं म्हणजे असंच करावं लागतं, पैशाचं गणित जमवावं लागतं, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण याच शहरात आहे. खासगी विद्यापीठ पुण्याला नवीन नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ काढलं, ते सरकारी नव्हतं. वर्गणी आणि देणग्यांवर उभं राहिलं, शिकवण्याची भाषा मराठी ठेवली आणि इंग्रजी सक्तीचा विषय ठेवला. गट नंबर सांगून पॉइंटर शिकवणाऱ्या माझ्या सरांना तिथे परकं वाटलं नसतं. त्याच्याही आधी, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. तीही खासगी लोकांनीच काढलेली संस्था. तिच्याकडे सुरुवातीला मोठ्या इमारती नव्हत्या. तिच्याकडे आजीव सदस्य होते. २० वर्षं इथेच शिकवीन, असं वचन देऊन येणारे शिक्षक. गोपाळ कृष्ण गोखले महिना ७५ रुपयांवर तिथे शिकवत राहिले आणि १९०२ मध्ये निवृत्त झाले. पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात, त्यात या टिकून राहिलेल्या शिक्षकांचा मोठा वाटा आहे. आपल्या जाहिरातींतही हे शब्द असतात, आम्ही गावाकडच्या होर्डिंगवर ते वाचलेले आहेत.

आजच्या शिक्षकाने तुटपुंज्या पगारावर २० वर्षं काढावीत असं मी म्हणत नाही. उलट म्हणते. त्यांना नीट पगार द्या, सुटीच्या महिन्यांचाही द्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात विनाअनुदानित संस्थांना फी ठरवण्याची मोकळीक दिली. संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवायलाही परवानगी दिली. नफेखोरी आणि कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी वरून घेतलेले पैसे, तेवढे नाकारले. म्हणजे शिल्लक ठेवायला कुणाची हरकत नाही. पण संस्थेची वाढ म्हणजे पाचवा टॉवर, आणि शिक्षकाचा बारावा महिना म्हणजे खर्च, हा हिशोब न्यायालयाने सांगितलेला नाही. तो आपण ठरवलेला आहे, आणि आपणच बदलू शकता.

प्रवेशाच्या हॉलमधली आणखी एक गोष्ट सांगायची आहे. थोडी वेगळी आहे, पण त्याच हॉलची आहे. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने आदेश काढला : ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि ज्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गातल्या आहेत, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. माझी मामेबहीण त्या वर्षी बारावी झाली होती. तिला घेऊन मी त्याच काचेच्या हॉलमध्ये गेले, कारण तिला माझ्याजवळ राहायचं होतं. फी माफीचं विचारलं तर टेबलापलीकडून उत्तर आलं, "ते सगळं नंतर ऑनलाइन होतं, आधी सीट ब्लॉक करा." मी रात्री तो आदेश डाउनलोड करून वाचला. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. कंसात, एका ओळीत. टेबलापलीकडच्या माणसाला हे माहीत नसणं शक्य नाही. मामेबहिणीने कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, एका विनाअनुदानित कॉलेजात प्रवेश घेतला. तिचं शिक्षण शुल्क शून्य आहे. आम्ही दोघी एकाच वाड्यात वाढलो, आमच्या घरांचं उत्पन्न सारखंच आहे. आदेशाबाहेर आपण आहात यात आपली चूक नाही. ते न सांगणं ही चूक आहे. येत्या मे-जूनमध्ये अनेक मुलींचे आईवडील बंडीच्या खिशात डीडी घेऊन त्या हॉलमध्ये येतील. त्यांना बसवल्या बसवल्या हे सांगा. त्यातल्या काही परत जातील. जाऊ द्या.

आणि ज्या राहतील त्यांना शिकवणाऱ्यांची यादी दाखवा. शिक्षकांची माहिती संकेतस्थळावर टाकायला यूजीसीने सांगितलेलंच आहे. आपण टाकताही. पण त्यात दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मॅडमचा फोटो अजून आहे, आणि माझ्या सरांचं नाव ते शिकवत असतानाही कधी आलं नव्हतं. कुठला विषय कोण शिकवणार, ते इथे किती वर्षं आहेत आणि त्यांचा करार कधी संपतो, एवढं प्रवेशाआधी एका कागदावर द्या. करार संपण्याची तारीख सत्राच्या मध्ये नको. कुणाला काढायचंच असेल, किंवा कुणाला चांगली नोकरी मिळून जायचं असेल, तर सत्र संपल्यावर. जाणाऱ्याने येणाऱ्याला आठवडाभर तरी सोबत घेऊन वर्ग सोपवावा. हे शाळेतले गुरुजी बदली झाली तरी करतात.

फोनच्या याद्या शिक्षकांच्या टेबलावरून उचला. तुम्हाला प्रवेश हवे आहेत, ते मला कळतं. पण त्या जूनमध्ये माझ्या सरांनी यादी उलटी करण्याऐवजी वही उघडली असती, तर त्या तासाभरात ते मला ट्रीसुद्धा शिकवू शकले असते.

आणि विद्यार्थ्याने तक्रार केली तर विद्यार्थ्याशी बोला. आमच्या घरी फोन करू नका. आम्ही अठरा वर्षांच्या वर आहोत, मतदान करतो, कर्जाच्या कागदावर सही करतो. आमच्या आईवडिलांना विद्यापीठाचा फोन म्हणजे पोलीस स्टेशनचा फोन वाटतो. आपल्याला हे माहीत आहे, म्हणूनच तो फोन जातो, असं मला वाटतं. असं वाटणं चुकीचं असेल तर मला सांगा, मी हे वाक्य आनंदाने मागे घेईन.

सर आता खराडीत एका कंपनीत आहेत. मुलाखतीनंतर मी त्यांना मेसेज केला होता. त्यांनी रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला आणि दोन तास ट्री शिकवलं. तो नोड कसा काढायचा ते मला आता येतं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. फी घेतली नाही. शेवटी मी विचारलं, "सर, परत शिकवायला येणार नाही का?" ते म्हणाले, "बोलावलं तर येईन. पण वर्षभरासाठी बोलावलं तर."

माझी शेवटची परीक्षा मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. तोपर्यंत मी पुण्यातच आहे. दुसऱ्या वर्षापासून मी एक वही ठेवली आहे, खाकी कव्हरची, दोनशे पानी. प्रत्येक सत्राला कुठला विषय कुणी सुरू केला, कुणी संपवला, मध्ये किती लेक्चर झाली नाहीत, ते तारखेसकट त्यात लिहिलं आहे. त्यात कुणाची बदनामी नाही, फक्त नोंदी आहेत. माझ्या विद्यापीठाच्या कुलगुरूंनी हे पत्र वाचलं आणि ते आपल्याच विद्यापीठाचं आहे असं त्यांना वाटलं, तर त्यांनी मला बोलवावं. मी वही घेऊन येईन. वडिलांनाही विचारेन, या वेळी ते सोफ्याच्या टोकाला बसणार नाहीत.

आपली नम्र,
कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी
पुणे